भाईंचा लो अँगल

आमच्या चाळीत फिल्म केली की फिल्म बारा मिनिटांची होते आणि तिचे किस्से वर्षभर पुरतात. एक सांगायला घेतला की दुसरा मध्येच घुसतो. त्यात कलाकार साठीच्या पुढचे असले तर विचारूच नका.

लालबागची आमची चाळ. दर माघात चाळीची सत्यनारायणाची पूजा आणि संध्याकाळी चौकात नाटक. लेखक भाई, दिग्दर्शक भाई, हिरो भाई. भाई म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, माझ्या जन्माच्या आधीपासूनचे. व्हिलन कायम मंगेशकाका. दोघं चड्डीत होते तेव्हापासूनचे दोस्त, पण स्टेजवर भाईंनी काकांना दरवर्षी हाकलून दिलंय. आणि व्हिलनला हाकललं की सगळ्या चाळीने त्याला मनसोक्त शिव्या द्यायच्या, ही आमची पद्धत. शिव्या जोरात, तर नाटक हिट.

यंदा मी मीटिंगमध्ये भांडले. मास मीडियाचा कोर्स काही घरी बसायला केला नव्हता मी. म्हटलं, नाटक पुरे, फिल्म करू. भाई म्हणाले, "कर की. लिहिणार मी. हिरो मी."

म्हणजे नवीन काय, तर स्टेजच्या पडद्याऐवजी चादर.

गोष्टही तीच. एका खोलीत दोन भाऊ. धाकटा उनाड, खोली विकायला निघालेला. थोरला सज्जन. शेवटी थोरला धाकट्याला घराबाहेर काढतो आणि टाळ्या.

*

पहिल्याच दिवशी काकांचा साधा शॉट होता. खुंटीवरची पिशवी घ्यायची आणि दारातून निघून जायचं.

काकांनी पिशवी घेतली, आमच्याकडे तोंड केलं आणि उलटे चालत, देवळातून निघाल्यासारखे, दाराबाहेर गेले. उंबऱ्याला अडखळले, तरी वळले नाहीत.

"काका, सरळ जा ना. पाठ दिसली तरी चालेल."

"प्रेक्षकांना पाठ दाखवायची नसते, पोरी. भाईने शिकवलंय."

"इथे प्रेक्षक कुठे आहेत? कॅमेरा आहे."

"कॅमेऱ्यामागे कोण आहे?"

"पराग." पराग माझा कॉलेजचा मित्र, परळचा. कॅमेरा त्याचा, म्हणून सगळं सहन करतो.

काका हात जोडून म्हणाले, "मग त्याला तरी कशाला पाठ दाखवू? एवढ्या उन्हाचा आलाय तो."

*

भाईंचं क्लोजअपशी वैर. पहिला क्लोजअप छोट्या स्क्रीनवर बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"माझी पँट कुठे आहे?"

"भाई, हा क्लोजअप आहे. फक्त चेहरा."

"सकाळी उठून इस्त्री केली ती कुणासाठी?"

मी शांतपणे समजावलं. म्हणजे माझ्या मानाने शांतपणे. कॅमेरा जितका जवळ जातो तितका बघणारा त्या माणसाच्या मनाजवळ जातो. लांबून माणूस दिसतो, जवळून त्याला काय होतंय ते दिसतं.

भाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या मनात काय चाललंय ते मी संवादात लिहिलंय. तू पँट घे."

आम्ही पँट घेतली. भाईंचे सगळे शॉट लांबून, डोक्यापासून चपलेपर्यंत. उरलेले क्लोजअप आपोआप काकांच्या वाट्याला आले.

*

काकांना व्हिलन दिसायचं पक्कं ठाऊक. शूटिंगला आले ते हनुवटीखाली टॉर्च धरूनच. भाईंनी गणपतीच्या डेकोरेशनमधला हिरवा दिवाही पाठवला होता.

मी टॉर्च काढून घेतला. भाई तिथे नव्हते, म्हणून काका दबक्या आवाजात बोलले.

"एक विचारू? या तुझ्या कॅमेऱ्यात मला जरा बरं दाखवता येईल?"

"म्हणजे?"

"पूजा झाली की मी बदलापूरला मुलाकडे जातोय, कायमचा. ही गेल्यापासून इथे एकट्याचं जेवण जात नाही. पण माझ्याकडे बघून पोरं अजून दारामागे लपतात गं. नव्या सुना तर मला खरंच तसला समजतात. एकदा तरी लोकांनी शिव्या न देता घरी जावं."

मी म्हटलं, "संवाद मला बदलता येणार नाहीत. भाई जीव घेतील."

"संवाद राहू दे. तू काहीतरी शिकलीयेस ना कॉलेजात?"

फी भरणाऱ्या माझ्या बाबांनीही हा प्रश्न इतक्या विश्वासाने कधी विचारला नव्हता.

*

मग आम्ही प्रयोग केला. काकांचं एकच वाक्य, "खोली माझी पण आहे", दोनदा घेतलं. एकदा पराग माळ्यावर चढून, वरून. एकदा जमिनीवर झोपून, खालून, म्हणजे लो अँगल. दोन्ही क्लिपा इंदूआजींना दाखवल्या. इंदूआजी तळमजल्यावरच्या. पूजेला पहिली खुर्ची त्यांची आणि पहिली शिवीही त्यांचीच.

वरून घेतलेली बघून म्हणाल्या, "बिचारो. जेवलो काय रे ह्यो?"

खालून घेतलेली बघून म्हणाल्या, "ह्यो खंयचो मोठो सायब?"

माणूस तोच, वाक्य तेच, शर्टही तोच. पराग तर खूश होऊन माझ्याकडे बघतच राहिला.

भाई मागे उभे राहून ऐकत होते. लगेच म्हणाले, "मला खालून घे. सगळे शॉट."

"भाई, खालून माणूस मोठा दिसतो. चांगला दिसतो असं नाही."

"मोठा म्हणजेच चांगला."

"तसं नसतं, भाई. समोर कोण आहे, कॅमेरा कुणाच्या बाजूने बघतोय, त्यावर..."

"तू लहान आहेस."

आमच्या चाळीत वाद इथे संपतो. मीही नाद सोडला. म्हटलं, पाहिजे ना खालून? घ्या खालून.

*

शेवटचा सीन. काका जेवायला बसलेत, भाई दारात येतात आणि म्हणतात, "ऊठ. या घरात तुझी भाकरी संपली."

खालून घ्यायचं तर कॅमेरा ठेवायचा कुठे? खोली दहा बाय बाराची. शेवटी जागा सापडली ती काकांच्या ताटाशेजारी. परागचं डोकं काकांच्या मांडीजवळ आणि पाय मोरीत.

भाई दारात उभे राहिले. तिथून बघितलं तर त्यांच्या पायांपासून छतापर्यंत नुसते भाई. पँटची इस्त्री कडक. मागचा उजेड अडला होता, त्यामुळे तोंड काळं.

"भारदस्त दिसतोय ना?" त्यांनी विचारलं.

"खूप," मी म्हटलं. खरंच दिसत होते.

मग काकांचा क्लोजअप. वाक्य ऐकल्यावर हसायचं, असं भाईंनी लिहिलं होतं. काका हसायला गेले, पण हात भाकरीवरच राहिला. तुकडा मोडलेला, तोंडापर्यंत न गेलेला. पराग कॅमेरा त्या हातावर नेऊन, मोरीत पाय भिजवत तसाच पडून राहिला. मी कट म्हणायचं विसरले.

भाई दारातून ओरडले, "व्हिलनच्या हाताला एवढा भाव? आटपा!"

*

पूजेची संध्याकाळ. चौकात चादर बांधलेली, खुर्च्या भरलेल्या, गॅलऱ्यांतून माणसं वाकलेली. काका सगळ्यात मागे, पाण्याच्या ड्रमांपाशी उभे. भाई पुढे, इंदूआजींच्या शेजारी, टाळ्यांसाठी तयार.

शेवटचा सीन आला. चादरभर भाई. वरच्या मजल्यावरचं एक पोरगं रडायला लागलं. मग काकांचा हात, मोडलेली भाकरी आणि ते जमता जमता न जमलेलं हसू.

शिव्यांची वेळ झाली होती. कुणी दिली नाही.

मग पहिल्या खुर्चीवरून इंदूआजी उठल्या आणि वळल्या त्या शेजारच्या भाईंकडेच.

"मेल्या, भावाक ताटावरसून उठवतस? जेवक तरी दी त्याका!"

आणि मग चाळ सुटली. सगळ्या गॅलऱ्यांतून, पद्धतीप्रमाणे, मनसोक्त. फक्त माणूस बदलला होता. भाई आयुष्यात पहिल्यांदा शिव्या खात होते आणि त्यांना हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं.

मी धावत ड्रमांपाशी गेले. काका कावरेबावरे झाले होते.

"मला कुणी काहीच बोललं नाही गं. माझं काम पडलं का?"

*

दुसऱ्या दिवशी भाई नळावर गेले तर बायकांनी बादली पुढे सरकवू दिली नाही. जिन्यात एक पोरगं त्यांना बघून दारामागे लपलं. भाई माझ्याकडे आले. "तू मला काय करून ठेवलंस?"

"तुम्हीच म्हणालात, भाई. सगळे शॉट."

भाई पँटची इस्त्री झटकत निघून गेले.

दुपारी मी काकांकडे बॅग बांधायला मदत करत होते. काका पाटावर बसून दोऱ्यांच्या गाठी मारत होते. तेवढ्यात दारात अंधार झाला. भाई. हातात झाकलेलं ताट, कोंबडी-वड्यांचा वास खोलीभर.

"वहिनींनी पाठवलंय?" काकांनी विचारलं.

"मी आणलंय. जेव." भाईंनी गॅलरीत इकडेतिकडे बघितलं आणि आवाज चढवला. "आणि दार उघडं ठेव. लोकांना दिसू दे."

काका ताटाकडे हात पुढे करेनात. पाटावरूनच मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पायाने दुसरा पाट पुढे सरकवला.

"आधी खाली बस, भाई. इथून तू व्हिलन दिसतोस."