दिवाणखान्याची कौलं

जुन्या बंगल्याच्या मागे फुटक्या कौलांचा ढीग दरवर्षी वाढतो. कोण टाकतं, कधी टाकतं, पत्ता नसतो. आमच्या कौलं शाकारणाऱ्या टोळीतले किस्सेही असेच साठलेत. सांगायचा दादा, हसायचो आम्ही. माझा मोठा भाऊ. तो गेला तेव्हापासून सांगणारं कोणी नाही. म्हणून आता मीच सांगतो. मधे अडखळलो तर माझ्याकडे बघू नका, चहा प्या.

* * *

खालापूरजवळ आमराईत सायबाच्या काळातला एक बंगला आहे. पावसाळ्याआधी त्याची कौलं आम्हीच सारखी करतो. रीत अशी: दादा वर, मी खाली दारं-खिडक्या लावून काळोखात. कुठे फट दिसली की मी ओरडायचं, "उजेड!" दादा कौल सरकवायचा. फट मिटली की "काळोख!"

एकदा मालकीणबाईंना माझी दया आली. मोठी टॉर्च घेऊन आल्या. "अरे, अंधारात कसं काम करतोस?"

मी किंचाळलो, "बाई, ती टॉर्च बंद करा, मला काय दिसत नाय!"

वर दादा असा हसला की घसरत पन्हाळीपर्यंत आला. बाई टॉर्च टाकून बाहेर धावल्या. आणि हा तिथे लटकून विचारतोय, "उजेड हाय का रं?"

* * *

डोंगरातली माकडं येऊन कौलांवर नाचतात. मी एकदा बेचकी काढली. मुकादम बाळाराम काकांनी ती हिसकावून घेतली.

"आपल्याला दरसाल काम कोण देतं? त्यांनाच मारतोस व्हय!"

* * *

यंदा बाई वैतागल्या. दिवाणखान्यावरची निम्मी कौलं फुटलेली, आणि तशी कौलं आता कोणी बनवत नाही. "पावसाआधी झाकलं नाही, तर पत्रा घालणार."

पत्र्याला टोळी लागत नाही. दादा म्हणाला, "या बंगल्याला पत्रा? म्हातारीला हेल्मेट घातल्यागत दिसंल!"

पोशीरला एक जुनं घर पाडत होते. दादाने तिथली कौलं पेंढ्यात बसवली आणि स्वतः मालावर बसून टेंपोने निघाला. नेरळच्या अलीकडे वळणावर टेंपो पलटी झाला.

मी पोचलो तेव्हा दादाला झाकून नेलं होतं. एक हवालदार पेंढा उचकटून म्हणाला, "नशीब, माल शाबूत आहे."

मी त्याची कॉलर धरली! काकांनी मला उचलून बाजूला केलं नसतं, तर आज आत असतो.

* * *

ती कौलं बंगल्याच्या आवारात आंब्याखाली रचली. मी कोयता घेऊन शेजारी बसलो. "हात लावंल त्याचा हात राहणार नाय!"

टोळीतलं कोणी पुढे येईना. आभाळ भरलेलं. फाटकाशी पत्र्याचा टेंपो येऊन उभा. बाई व्हरांड्यातून म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत थांबते. मग त्याला आत घेणार."

तेवढ्यात वहिनी आली. दादा गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. आधी कौलांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भावजी, झाडाखाली ठेवायला आणली व्हती का त्यांनी?"

कोयता कुठे फेकला, अजून सापडलेला नाही!

* * *

मी वर चढलो. दादाच्या जागेवर पहिल्यांदाच. टोळी हातोहात कौलं देत होती. खाली काळोखात कोण बसणार? वहिनी आत गेली, दारं लावून घेतली.

"उजेड!" तिचा आवाज आला. मी सरकवलं. "काळोख!" मग पुढचं. वारा सुटला, तरी कौलं बसत गेली. पत्रेवाल्याने टेंपो वळवला तसा काकांनी त्याला टाटा केला.

शेवटचं कौल बसलं.

"उजेड हाय," वहिनी म्हणाली.

सरकवलं.

"अजून हाय."

पुन्हा सरकवलं. कडेला बोट घालून बघितलं, नखही आत जाईना.

"अजून हाय, भावजी."

काका वैतागून आत बघायला गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले, दार आवाज न करता ओढून घेतलं. टोपी काढली आणि शिडी चढून माझ्याजवळ आले.

"गच्च काळोख हाय रं आत," हळूच म्हणाले. "पण तसं म्हणवत नाय तिला. तू सरकव. अजून थोडं सरकव."