बॅकअपची उगवण

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी फार विचार करत नाही. आमच्या बीबी गावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचे. आईवडिलांचा नंबर दुसरा लागतो, आणि त्या दोघांचीही या क्रमाला हरकत नाही. दहावीनंतर मला शेतीत घालायचं वडिलांनी ठरवलं होतं. बाई घरी आल्या, ओट्यावर बसल्या, चहा घेतला आणि वडिलांना म्हणाल्या की या पोराच्या हातून नांगराचं तास सरळ निघत नाही हे साऱ्या गावाला माहीत आहे, तर कॉलेजात तरी पाठवून बघा. वडिलांना ते लगेच पटलं. माझ्या शिक्षणाचा पाया असा माझ्या गुणांवर नाही, वाकड्या तासांवर घातला गेला. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर.

बाई शाळेबाहेर आमच्यासारखंच वऱ्हाडी बोलत. वर्गात मात्र पुस्तकी मराठी. वर्गाबाहेरही त्या अचानक पुस्तकी बोलायला लागल्या की समजायचं, बाई रागावल्या आहेत. रिटायर झाल्यावर त्या स्वतःची चार एकर शेती स्वतः पाहू लागल्या आणि प्रयोगवहीची सवय त्यांनी वावरात नेली. कोणत्या दिवशी पेरलं, कोणत्या पिशवीतलं पेरलं, पानं कधी लाल पडायला लागली, सगळं लिहून. स्वतःच्या वावराचंच नव्हे, शेजारच्या आठदहा वावरांचंही. लोकांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वही घेऊन उभ्या राहिलेल्या बाई पाहायची गावाला सवय झाली होती.

बीटी कपाशीची ती वर्षं होती. दर मृगाला दुकानात नवं नाव यायचं आणि मागच्या सालचं बियाणं म्हणजे मागच्या सालचं पंचांग अशी त्याची किंमत व्हायची. प्रत्येक थैलीत मुख्य बियाण्यासोबत साध्या बियाण्याची एक लहान पुडी यायची. ती कडेनं पेरायची, म्हणजे अळीला बीटी पचायची सवय लागत नाही, अशी सूचना असे. सूचना बारीक अक्षरात होती आणि पुडी बकऱ्यांना आवडत असे.

त्या वर्षांत आमच्याकडे पाहुणेही फार येत. कॅमेरे घेऊन, दूरच्या शहरांतून. एकदा अशाच एका गटाला बाई मोठ्या उत्साहानं पिठ्या ढेकूण दाखवायला वावरात घेऊन गेल्या. झाडाच्या शेंड्याला कापसासारखी पांढरी कीड, बोट लावलं की चिकट. पाहुण्यांनी ती नीट पाहिली आणि विचारलं, यात कोणाच्या घरी काही वाईट झालंय का? बाईंनी मला खामगावला फोन केला. त्यांचं म्हणणं असं, की यांना कपाशी सोडून सगळं हवं आहे; तर कपाशीचं आपणच कुठंतरी लिहावं.

मी तेव्हा खामगावला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. उपकार फेडायची संधी अशी फोनवरून चालत येईल असं वाटलं नव्हतं. मी बाईंसाठी ब्लॉग काढला. तयार फुकट जागा मिळत होती, पण पदवीधराला ते कमीपणाचं वाटलं. मी सर्व्हरवर जागा घेऊन, ब्लॉगचं सॉफ्टवेअर स्वतः चढवून, वर हिरव्या बोंडाचं चित्र लावून दिलं. बाई वहीची पानं फाडून एसटीच्या कंडक्टरजवळ पाठवत. मी ती टाइप करायचो आणि त्याच पाकिटात परत पाठवायचो, कारण बाईंना कागद वाया गेलेला चालत नसे. टाइप करताना मी त्यांची भाषाही जराशी सुधारत असे. ‘मले वाटलं’चं ‘मला वाटलं’ करायचो. जग वाचणार होतं.

जग वाचत नव्हतं. पानाच्या तळाशी वाचक मोजायचा आकडा होता, तो रोज दोनतीनानं वाढायचा आणि ते दोनतीन मीच असायचो. प्रतिक्रिया मात्र यायच्या. इंग्रजीतून, घड्याळांबद्दल आणि वजन उतरवायच्या गोळ्यांबद्दल. बाई फोनवर विचारत, किती जणं वाचून राह्यले? मी म्हणत असे, बरेच.

तीन हंगामांच्या नोंदी अशा चढल्या. मग एका उन्हाळ्यात सॉफ्टवेअरच्या पानावर वरती पिवळी पट्टी दिसायला लागली. नवी आवृत्ती आली आहे, कृपया अपग्रेड करा. मी दोनतीन दिवस दुर्लक्ष केलं, पण पट्टी रोज तिथंच. गावाच्या बियाण्याला मी हसत असे, पण नवं आलंय म्हटल्यावर माझ्याही हाताला खाज सुटलीच. पट्टीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की आधी बॅकअप घ्या. मी बकरी नव्हतो. मी सूचना पाळली.

बॅकअप घ्यायचं एक अवजार मी मुद्दाम शोधून बसवलं. एक बटण. नेट रांगत होतं, त्यात मध्येच लाइट गेली आणि आली. पण शेवटी हिरव्या अक्षरात उमटलं की बॅकअप पूर्ण झाला. माझ्या कॉम्प्युटरवर फाइल उतरली. तिच्यावर ब्लॉगचं नाव होतं, त्या दिवसाची तारीख होती. मी ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, सीडीवरही घेतली, सीडीवर स्केचपेननं नाव घातलं. आणि अपग्रेडचं बटण दाबलं.

ब्लॉग उघडला तेव्हा हिरवं बोंड जागच्या जागी होतं. तारखा शाबूत होत्या. त्यांच्याखाली, तीन हंगामांत बाईंनी लिहिलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी, एकेक प्रश्नचिन्ह. ओळीच्या ओळी. नव्या आवृत्तीला आधी साठवलेली देवनागरी कळली नव्हती आणि जे कळलं नाही त्याच्यावर तिनं प्रश्नचिन्ह ठेवलं होतं, एखाद्या प्रामाणिक विद्यार्थ्यासारखं. मी घाबरलो नाही. फोल्डरमधली फाइल काढली. आतमध्ये काही नव्हतं. लाइट गेली तेव्हा अवजारानं फाइलला नाव दिलेलं होतं, आत भरायचं राहिलं होतं. सीडीवरही तेच काही नाही, स्केचपेनच्या अक्षरासकट. सर्व्हरवाल्यांना लिहिलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, की आपल्या बॅकअपमधून परत चढवून घ्यावं.

बाईंना सांगायला हवं होतं. मी वीस दिवस सांगितलं नाही. कंडक्टरकडून नवीन पान आलं की टाइप करून प्रश्नचिन्हांच्या वर चढवत राहिलो. दोनदा त्यांचा फोन आला, दोनदा मी ‘बरेच’ म्हणालो.

तिसऱ्या फोनवर त्या म्हणाल्या की रविवारी खामगावला येते. पेरणी तोंडावर आली होती. गावातल्या बायांनी त्यांना गळ घातली होती की तीन सालांत कोणत्या वावरात, कधी पेरलेल्या कपाशीवर लाल्या, म्हणजे पानं लाल पडायचा रोग, पडला ते एकदा सगळं शेजारी शेजारी मांडून सांगा, म्हणजे यंदा त्या हिशेबानं पेरू. बाई म्हणाल्या, ते सारं कॉम्प्युटरवर आहे, तिथंच जाऊन पाहू.

रविवारी क्लास बंद होता. बाई आल्या, सोबत बांगड्या विकणाऱ्या भाभी होत्या. भाभींची बीबीला दोन एकर कपाशी होती आणि बांगड्यांमुळे प्रत्येक घरात जाणं. मी त्यांना पाणी दिलं, खुर्च्या दिल्या, पंखा लावला. आणखी काही द्यायचं उरलं नाही तेव्हा ब्लॉग उघडून जुन्या नोंदींपर्यंत खाली नेला.

भाभींनी डोळे बारीक करून पाहिलं. “बाई, हे तर कानातल्याचे हूक दिसून राह्यले,” त्या म्हणाल्या.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. “मी लिवलं तवा मले एवढे प्रश्न नव्हते पडले रे.”

मी सगळं सांगितलं. पिवळी पट्टी, अवजार, हिरवी अक्षरं. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी पुस्तकी मराठीत विचारलं, “बॅकअप घेतला होतास?”

“घेतला होता, बाई.”

“उगवण पाहिली होतीस?”

शाळेत असताना बाई दर उन्हाळ्याच्या शेवटी आमच्याकडून उगवण चाचणी करून घेत. गावातून मूठ मूठ बियाणं आणायचं, त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा दहाच्या ओळीत मांडायचे, गोणपाट गुंडाळून ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं, आठव्या दिवशी उलगडून किती उगवले ते मोजायचं. सत्तरच्या खाली ते बियाणं नापास. आठवीच्या वर्षी दाणे मोजायचं काम माझ्याकडे होतं. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात गोणपाटाजवळ उभं राहून येणाऱ्या जाणाऱ्याला मीच सांगत होतो की पिशवीवर काहीही छापलेलं असो, दाणा उगवतो की नाही हे आपण आधी पाहावं. मला प्रशस्तिपत्र मिळालं होतं. वडिलांनी ते काचेत बसवलं आहे.

“नाही,” मी म्हणालो.

“मग तू नुसती पिशवी सांभाळून ठेवलीस.” आणि लगेच, “हे होऊन किती दिवस झाले?”

“वीस.”

“वीस दिवस काऊन लपवलं बे?”

‘बे’ ऐकून मला केवढं बरं वाटलं ते कसं सांगू. मी म्हणालो की कागद तर आहेत ना, ते मी परत पाठवले होते; सगळे पुन्हा टाइप करतो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उत्तर न येणाऱ्या विद्यार्थ्यासारखं पदराच्या टोकाशी चाळा करताना पाहिलं.

“पुड्या बांधल्या त्याच्या,” त्या म्हणाल्या. “मले वाटलं, तुह्यापाशी आहेच सारं.”

मृगाच्या आधी बाई गावातल्या बायांना कपाशीच्या कडेनं लावायला बरबटीचं म्हणजे चवळीचं, अंबाडीचं, तुरीचं घरचं बियाणं वाटत. तीन वर्षं त्या पुड्या ब्लॉगच्या पानांत बांधून गेल्या होत्या. मी त्यांच्या कागदाच्या भरवशावर होतो, त्या माझ्या कॉम्प्युटरच्या. विज्ञान शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या दोघांनीही गोणपाट उलगडलं नव्हतं.

“माह्या घरी बरबटीची पुडी हाये,” भाभी म्हणाल्या. “कागद फेकला नाई मी. माह्या वावराचं लिवलेलं हाय त्यात. पोरीकडून दोनदा वाचून घेतलं.”

पुढचे तीन रविवार मी बीबीला घालवले. सॉफ्टवेअरच्या भाषेत याला रिस्टोअर म्हणतात; त्यासाठीही एक बटण असतं. मी भाभींच्या मागे घरोघर फिरत होतो. कागद कुठं आढ्याला खोचलेला, कुठं फडताळात फण्यांखाली अंथरलेला, कुठं तिखटाच्या डब्यात. एका घरी त्याची होडी करून झाली होती. पण मला चकित केलं ते वेगळ्याच गोष्टीनं. कागद लोकांनी वाचले होते. एका बाईनं मला ओट्यावर बसवून ठणकावलं की बाईंनी चुकीचं लिवलं, आमच्या वावरात लाल्या पंधरा दिवस आधी आला होता, तुम्ही ते खोडा. दुसरीनं विचारलं की हिच्या वावराचं तीनदा लिवलं, माह्या वावराचं एकदाच काऊन? तीन वर्षं ब्लॉगवर मी ज्या प्रतिक्रियांची वाट पाहिली त्या इथं तयार होत्या, फक्त घड्याळं विकत नव्हत्या.

निम्म्याहून कमी पानं मिळाली. बाईंच्या हिशेबात नापास. पण ज्या वावरांची पानं गेली होती त्या घरांतल्या बाया तिसऱ्या रविवारी बाईंच्या अंगणात जमल्या, मिळालेली पानं मध्ये मांडली आणि राहिलेलं आठवून, भांडून भरलं. कोणी कधी पेरायचं ते त्या दुपारी ठरलं. मी कोपऱ्यात बसून टिपत होतो. कॉम्प्युटरचं नाव कोणी काढलं नाही.

खामगावला परत येऊन मी सगळं टाइप केलं, बॅकअप घेतला आणि मग बाईंना हे पत्र पाठवलं.

आदरणीय बाई,

सप्रेम जयभीम.

मिळालेली सर्व पानं चढवली आहेत. बॅकअप घेऊन तो क्लासमधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर, जिथं आधी काहीच नव्हतं, तिथं उतरवून पाहिला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकेक उघडून मोजलं. सगळी उगवली. आता दर महिन्याला असं पाहीन.

दोन गोष्टी तुम्हाला सांगायच्या राहिल्या आहेत. ब्लॉग बरेच जण वाचतात असं मी म्हणत आलो, ते खोटं होतं. वाचणारा जवळजवळ मी एकटाच होतो. दुसरं, तुमची भाषा मी टाइप करताना बदलत असे. जे प्रश्नचिन्हांत गेलं ते खरं तर माझं मराठी होतं. तुमचं पुड्यांवर होतं. या वेळी ‘मले’ला ‘मले’च ठेवलं आहे.

माझ्यामुळे जी पानं गेली ती परत येणार नाहीत. याबद्दल माफी मागतो. तुम्ही त्या दिवशी ओरडला नाहीत, फक्त पुस्तकी बोललात, ते मला जास्त लागलं.

यंदाची पहिली चार पानं टाइप करून सोबत परत पाठवत आहे. पुड्या यांच्याच बांधा, बंद करू नका. कोणतं पान कोणाच्या घरी गेलं तेवढं मात्र वहीच्या मागे लिहून ठेवा.

तुमचा,
वाकडं तास काढणारा