भाभीच्या तोंडचे ते शब्द

आज घराची चावी सापडेना आणि आम्ही नारपोलीत राहायचो तेव्हाची ती सकाळ आठवली. आमचे हे आणि शेजारच्या शबानाभाभीचा नवरा एकाच कापड कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, गेले होते. मी पीठ मळत होते. एवढ्यात भाभी बाहेरून ओरडली, "इन्ना लिल्लाहि!"

हे शब्द मी फक्त मशिदीच्या भोंग्यावर ऐकलेले. त्यांच्यामागून मेलेल्या माणसाचं नाव यायचं. पिठाच्या हातांनीच दार धरलं. "कोण गेलं, भाभी?"

"अरे, चाबी गटर में गिर गई! कुछ भी खो जाए तो बोलते हैं. हम अल्लाह के हैं, उसी के पास लौटना है."

काही वर्षांनी, आमचे हे ड्युटीवर असताना, भाभी पुन्हा दारात आली. तिने नुसता माझा हात धरला. ओठांवर आलेले ते शब्द तिने माझ्यासमोर गिळले, तेव्हाच मला कळलं, हे आता घरी येणार नाहीत.