पिवळ्या पाटीच्या गाडीचा पंचनामा

माझी बदली नार्नूरच्या मराठी शाळेत झाली तेव्हा आमच्या आदिलाबादच्या घरात दोनच माणसं उरली होती, मी आणि माझे सासरे. नवरा हैदराबादला नोकरीला असतो आणि महिन्यातून दोनदा पाहुण्यासारखा येतो. मुलगी नागपूरला शिकते. सासूबाई जाऊन तीन वर्षं होत आली होती. नार्नूरला बसनं जायचं म्हणजे उटनूरला बस बदलायची, आणि ती दुसरी बस येईल की नाही याची खात्री तिच्या ड्रायव्हरलाही नसते. तेव्हा दोनच वाटा होत्या. एक तर नार्नूरला खोली घ्यायची आणि शनिवारी घरी यायचं, नाहीतर कार घेऊन रोज जाणं-येणं करायचं.

खोली घेतली तर मामाजी एकटे पडणार. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आठवडाभर रिकाम्या घरात टाकून जायचं, हे माझ्या मनाला काही पटेना. म्हणून मी कार घ्यायचं ठरवलं, आणि हे मी मामाजींसाठी करते आहे हे गल्लीत चार घरांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलूनही दाखवलं. चांगुलपणा गुपचूप करण्याचा माझा स्वभाव नाही.

नवी कार झेपणारी नव्हती. बसस्टँडच्या मागं एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे भाड्यानं फिरलेली एक पांढरी गाडी विकायला होती. त्याला आता मोठ्या गाड्या ठेवायच्या होत्या. त्याच्या दोन्ही मुलांना मी पाढे शिकवले होते, त्यामुळे तो मला फसवणार नाही असं मला वाटत होतं. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "बाबांना विचार." अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्याचा हा सल्ला एकदाही बदललेला नाही.

मामाजी तहसील कचेरीत गिरदावर होते. जमिनीचं भांडण निघालं की मौक्यावर, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जायचं, बांध पाहायचे, जबाब घ्यायचे आणि पंचनामा करायचा, यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली तरी भाजीवाल्याकडून वांगी घेतानाही ते वांग्याचा मूळ मालक कोण ते विचारतात. "मौका पाह्यल्याबिगर काई घ्याचं नाई," ते म्हणाले, आणि इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून माझ्याबरोबर निघाले.

आधी ते शेताच्या बांधावरून चालावं तसे गाडीभोवती फिरले. मग त्यांनी ट्रॅव्हल्सवाल्याला विचारलं, "कब्जा कोनाकोनाचा होता?"

"कब्जा?" तो गांगरला.

"म्हंजे चालवत कोन होतं."

"ड्रायव्हर लोकं, काका. ते तं बदलतच राह्यते."

"म्हंजे मालक एक आन् कसनारे दहा," मामाजी माझ्याकडे वळून म्हणाले. "अशा जमिनीचा निकाल लवकर लागत नाई, सूनबाई."

मग ते आत बसले आणि एसीचं बटण शोधू लागले. बटणाच्या जागी नुसती एक दांडी होती. मामाजींचा चेहरा असा काही उजळला की जणू अतिक्रमणच सापडलं. मालक मात्र शांतपणे आत गेला आणि गल्ल्यातून बटण घेऊन आला. "काका, हे लावून ठेवलं तं ड्रायव्हर एसी लावून झोपून राह्यते. गिऱ्हाइकानं एसीचं वेगळं भाडं कबूल केलं की मंग बटन देतो." मला हे फार आवडलं. रंगीत खडू मीही असेच पर्समध्ये ठेवते.

गाडी चालवायला मी क्लासला शिकून घेतलं होतं, तेव्हा मालकानं किल्ली दिली आणि आम्ही चौकापर्यंत चक्कर मारायला निघालो. नंबराची पाटी अजून भाड्याच्या गाडीची, पिवळीच होती, विकल्यावर ती पांढरी करून द्यायची असं ठरलं होतं. चौकात मी गाडी हळू केली, तर एक म्हातारी मागचं दार उघडून पिशवीसकट आत बसली. "मोठ्या दवाखान्यात सोड व माय," ती मला म्हणाली.

मामाजींनी वळून विचारलं, "काय होऊन राह्यलं तुमाले?"

"मले काय होते? लेकीची डिलिव्हरी झाली."

आम्ही तिला सोडलं. उतरताना तिनं मामाजींच्या हातावर भाडं ठेवलं आणि मामाजींनी ते माझ्यादेखत खिशात घातलं. पण खरं सांगायचं तर त्या चकरेतच गाडी माझ्या हाताला बसली. स्टेअरिंग हलकं होतं, सीट उंच होती, आणि आजवर नवऱ्याच्या शेजारी बसून मी जो रस्ता पाहत आले तो समोरून बराच रुंद दिसत होता.

घरी आल्यावर मामाजी म्हणाले, "आता चतुर्सीमेचे जबाब घ्या लागतीन." म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना विचारायचं, की बाबांनो, या तुकड्याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे. गाडीला बांध नसतो, म्हणून त्यांनी ट्रॅव्हल्सच्या आवारालाच शेत धरलं. पूर्वेला चहाची टपरी, दक्षिणेला पंक्चरवाला, पश्चिमेला न्हावी, उत्तरेला रसवंती. मी बरोबर येते म्हटलं तर ते म्हणाले, "जबाब घेताना पक्षकार हजर नसते." पक्षकार मुकाट्यानं स्वयंपाकाला लागला.

त्यानंतर रोज संध्याकाळी एकेक जबाब येऊ लागला. न्हाव्याच्या म्हणण्याप्रमाणे गाडीत लग्नाच्या वऱ्हाडानं इतक्या वेळा ओकाऱ्या काढल्या होत्या की पावसाळ्यात वास उठतो. पंक्चरवाल्यानं टायर आतून गेलेले सांगितले. चहावालीच्या मते निर्मलच्या घाटात इंजिन हमखास तापतं. रसवंतीवाला तर म्हणे नुसता हात जोडून म्हणाला, काका, या गाडीचं मला काही विचारू नका. मामाजी हे सगळं फार दुःखानं सांगत. "मले काय, मी तं तुह्यासाठी पाहून राह्यलो," म्हणत आणि दुसरी पोळी मागत.

मी हिरमुसले. पण पस्तीस पोरांच्या वर्गात खोटं कोण बोलतंय हे ओळखण्यातच माझी नोकरी गेली आहे, आणि चार साक्षीदार एका सुरात बोलू लागले की मला कॉपीचा वास येतो. नार्नूरला रुजू व्हायला अजून दिवस होते, तेव्हा एका दुपारी इथल्या शाळेची सुट्टी साधून मी एकटीच तिकडे गेले.

पंक्चरवाल्याला विचारलं, ही पांढरी गाडी कशी आहे? तो उठून उभा राहिला, हात पुसले आणि एका दमात म्हणाला, "इंजिन गरम होते, सीटले वास येते, टायर आतून गेले हायेत, घ्यासारखी गाडी नाई." म्हणून झाल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की पाठांतर बरोबर आलं ना. मी जवळजवळ शाबास म्हणणार होते.

चहावाली सरळ बाई निघाली. तिनं मला बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, "तुमचे मामाजी आल्ते. मी म्हनलं गाडी चांगली हाये, माझ्या भाच्याच्या लग्नात आमी त्याच गाडीनं निर्मलले गेलतो. तं म्हनते, बाई, आमची सून आली तं घाटात तापते म्हनून सांगजो. सगळ्याईले तसंच सांगून गेले. काऊन हो, तुमाले गाडी चालवू द्याची नाई का त्याईले?"

मला इतका राग आला की चहाची चव कळली नाही. उभ्या नोकरीत साक्षीदार फोडणाऱ्यांवर ओरडणारा माणूस माझ्यासाठी गल्लीभर साक्षीदार फोडत हिंडला होता. कारण उघड होतं. सुनेच्या हातात स्टेअरिंग आलेलं त्यांना पाहवत नव्हतं. सगळं त्यांच्यासाठीच चाललं होतं आणि तेच आडवे पडले होते. घरी जाऊन चार शब्द सुनवावेत असं वाटलं, पण तोंडावर बोलण्यापेक्षा मला खोड मोडणं जास्त जमतं.

रविवारी मी मालकाकडून दिवसभरासाठी गाडी मागून घेतली, एसीच्या बटणासकट. संध्याकाळपर्यंत विसार द्यायचा, नाहीतर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला हो म्हणणार होता. मामाजींना म्हटलं, "चला मामाजी, नार्नूरपर्यंत जाऊन येऊ. गाडी एवढी खराब हाये तं तिथं एक खोली पाहून ठेवते. मी आपली तिथं राहीन, तुमी इथं राहा." माझा बेत असा, की एकटं राहायचं नुसतं ऐकूनच ते घाबरतील आणि अर्ध्या रस्त्यात गाडीचं कौतुक सुरू करतील.

गाडी लोण्यासारखी चालली. इंद्रवेल्ली गेलं, उटनूर गेलं, मामाजी डॅशबोर्डला कान लावून "आवाज येऊन राह्यला" म्हणत होते, आणि माझ्या मनात प्रत्येक वळणाला राग नव्यानं वर येत होता. पण घाबरलेले काही दिसेनात. उलट नार्नूर जवळ आलं तसे ते खिडकीची काच खाली करून बसले. या भागात त्यांची अर्धी नोकरी गेली होती. हा नाला पूर्वी असा नव्हता, या शेताची मोजणी मीच केलती, असं आपल्याशीच चाललं होतं.

शाळेपासून हाकेच्या अंतरावर एका बाईंकडे खोली होती. पत्र्याचं छत, समोर ओसरी, ओसरीपुढे कडुनिंब. मी त्या बाईंना म्हटलं, "मी एकटीच राहणार, एक खोली पुरे."

"मागं आनखी एक खोली हाये, असं दिसते," मामाजी माझ्या मागून म्हणाले.

"हाये ना काका. पन बाईले एकच पायजे म्हनते."

"तिथं सकाळचं ऊन येते का? आन् खाट जाईन का दारातून?"

मी वळून पाहिलं. मामाजींनी चपला काढल्या होत्या आणि दाराची रुंदी ते स्वतःच्या हातानं मोजत होते. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मला कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा इतके दिवस जपून ठेवलेला राग कुठं ठेवावा ते सुचेना.

"मामाजी, तुमाले इथं याचं होतं?" मी विचारलं.

त्यांनी हात खाली घेतला. कचेरीतल्या माणसासारखं काहीतरी फिरवून सांगतील असं वाटलं, पण ते ओसरीवर बसले. "गाडी घेतली तं तू रोज संध्याकाळी घरी येशीन, ते खरं हाये," ते म्हणाले. "पन दिवस तं तेवढाच राह्यते ना व बाई. तू सकाळी दार लोटून गेली की मी घड्याळाकडे पाह्यत बसतो. तुही सासू होती तं भांडन तरी होत होतं. इथं राह्यलो तं दुपारच्या सुट्टीत तू जेवाले घरी येशीन."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तू माझ्यासाठी गाडी घेऊन राह्यली, साऱ्या गल्लीले सांगून राह्यली. आता मी नाई कसं म्हनू?"

मला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं. एवढे दिवस त्यांच्याच घरात त्यांच्या सुखाचा निकाल मी त्यांना न विचारता लावत होते. मी पर्स उघडली, गाडीसाठी आणलेला विसार काढला आणि दोन्ही खोल्यांसाठी म्हणून त्या बाईंच्या हातावर ठेवला. मामाजी तोवर मागच्या खोलीत जाऊन खिडकी उघडत होते. ती अडली होती तर बाहेर येऊन त्यांनी बाईंकडे खोबरेल तेल मागितलं.

परत येताना उटनूर मागं पडलं. मग सीट मागं करून, पाय ताणून, बटण फिरवून मामाजींनी एसी लावला.

"गाडी मात्र झकास हाये," ते म्हणाले. "ज्याले भेटन त्याचं नशीब."

 मला ती गाडी हवी होती. त्यांच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी हवी होती, आणि हे मी गल्लीत एकाही माणसाला सांगितलं नव्हतं.

आदिलाबाद आलं तेव्हा अजून उजेड होता. ट्रॅव्हल्सकडे वळायच्या रस्त्यावर मी वळलेच नाही. गाडी सरळ मोठ्या रस्त्याला घेतली, गाव मागं पडू दिलं आणि बरीच लांब जाऊन मग वळवली. मामाजींना हा रस्ता चांगला ठाऊक होता, पण त्यांनी काऊन म्हणून विचारलं नाही.