आधी त्याला वाचू दे

खानझोडे सर फोनवर लोकांकडून गावांची नावं वदवून घेत. "सात, अंबाला, चार, फिरोजपूर... हं, पुढे?" पहिल्या दिवशी मला वाटलं, गाड्यांची चौकशी चालली आहे. ते फाइलचा हॅश तपासत होते. हॅश म्हणजे फाइलचा बत्तीस चिन्हांचा ठसा. फाइलमध्ये तिळाएवढा फरक पडला तरी सगळा बदलणारा. त्यातली बी, सी, डी, ई ही अक्षरं फोनवर सारखीच ऐकू येतात, म्हणून एअर फोर्समधून निवृत्त झालेल्या या वर्ध्याच्या माणसाने प्रत्येक अक्षराला एक स्टेशन दिलं होतं: ए म्हणजे अंबाला, एफ म्हणजे फिरोजपूर.

चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियातली आमची छोटी कंपनी हॉस्पिटलमधल्या मॉनिटरांचं सॉफ्टवेअर करायची. सीडी कुरियरने जायची. बसवण्याआधी तिथल्या इंजिनियरने ठसा काढून वाचायचा, आम्ही आमच्याशी ताडून बघायचा. सर सांगत, "आधी त्याला वाचू दे. आपण वाचलं का तो नुसती मान हलवते. अन् मान काही फोनवर दिसत नाही."

मला फोनचीच धास्ती. एकदा सर बाहेर असताना पटियाळ्याहून सेठीजींचा फोन आला. चार वाजता मॉनिटर आयसीयूत लागायचे होते. वडिलांच्या वयाच्या माणसाला वाचायला सांगणं मला जमेना. मीच घडाघडा वाचलं. "हां जी, पक्का," ते म्हणाले. मी रजिस्टरमध्ये 'जुळला' लिहून सही केली.

सरांनी आल्या आल्या विचारलं, "कोणी वाचलं?"

"मी."

ते रागावले नाहीत. फोन माझ्यापुढे सरकवला. "मग तपासणी तुझी झाली, त्याची नाही. उद्या पेशंटचा श्वास अडकला अन् अलार्म वाजलाच नाही तर? लाव फोन."

सेठीजी वैतागले. आमच्यावर भरोसा नाही का, हेही ऐकवलं. मी एवढंच म्हटलं, "सर, आप पढ़िए।" पहिलंच चिन्ह वेगळं निघालं. दुसरंही. दरवेळी मी 'नहीं' म्हटलं. चौथ्याला सेठीजी स्वतःच थांबले. मघाशी 'पक्का' म्हणताना त्यांनी ठसा काढलाच नव्हता, तो आत्ता काढला होता. सीडी खराब होती. नवी घेऊन आमचा माणूस बसने गेला. मॉनिटर चारऐवजी सातला लागले. रजिस्टरमधला 'जुळला' सरांनी मला एका रेघेने खोडायला लावला. "खालचं दिसू दे," म्हणाले.

वर्षभराने ते वर्ध्याला परत गेले. निघताना घरचा फोन नंबर सांगितला. मी लिहून घेतला आणि म्हटलं, "घेतला, सर." ते हलले नाहीत. मग मी सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल एवढ्या आवाजात एकेक आकडा वाचून दाखवला.

"जुळला," म्हणाले, आणि निघाले.