सुधानं उन्हात टाकलेल्या फ्लॉप्या

मित्रांनो, आज दुपारी नागपुरात सदर भागातल्या एका फोटोच्या दुकानात गेलो होतो. पेन ड्राइव्हमध्ये सुधाचा, माझ्या बायकोचा, शेवटचा फोटो आहे. तो मोठा करून फ्रेम करायचा होता. दुकानदारानं पेन ड्राइव्ह हातातही घेतला नाही.

"काका, बाहेरचा लावत नाही आम्ही. व्हायरस येते."

मले हसूच आलं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघं हिंगण्याच्या एकाच कंपनीत कॉम्प्युटरवर कामाले होतो. एकदा साहेब म्हणाले, बाहेरून आलेल्या फ्लॉप्यांमध्ये व्हायरस असतो, सांभाळा. सुधानं सगळ्या फ्लॉप्या स्पिरिटनं पुसल्या अन् गच्चीवर वाळत टाकल्या. तेही मे महिन्यात!

"हे काय करून राहिली वं?"

"काहून? उन्हानं जंतू मरत नाहीत का?"

व्हायरसनं आमची एकही फ्लॉपी गेली नाही. नागपूरच्या उन्हानं सगळ्या वाकल्या.

पाहुण्यांले ही गोष्ट मी सांगायचो. ती आधी चिडायची, मग माझ्यापेक्षा जोरात हसायची.

आज कुलूप उघडून घरात आलो अन् चप्पल काढता काढता तोंडातून निघालंच, "ऐकलं का वं, आज त्या दुकानात..."

तुम्ही अशी गंमत घरी येऊन कोणाले सांगता?