दोन खैऱ्या

आमच्या कार्यालयातली संगणकवाली बाई कारध्याहून स्कूटीनं येते. कामाला बसताना धानाच्या खळ्यात शिरताना काढतात तशा चपला काढून ठेवते. कशाचीही घाई केली की म्हणते, "मले आधी पाहू द्या."

गावोगावच्या जुन्या नकाशांचे शेकडो फोटो स्कॅनरनं नुसत्या आकड्यांनी साठवले होते. प्रत्येकाला गावाचं नाव द्यायचं होतं. एकेक बदलत आम्ही महिना घातला असता. तिनं गावांची यादी केली आणि काळ्या पडद्यावर सगळी नावं एकदम बदलणारी एकच ओळ लिहिली, पण एंटर दाबलं नाही. कोणत्या आकड्याला कोणतं नाव लागणार ते आधी छापलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत बसली.

"काहून थांबली, बाई?" मी विचारलं.

"खैरी नावाची गावं दोन हायेत, काकाजी. एकीचा नकाशा दुसरीवर बसंल, अन् दुसरीचा मिटून जाईल."

तिनं प्रत्येक नावापुढे तालुका जोडला, मग एंटर दाबलं. चहा यायच्या आत काम झालं.

"कॉम्प्युटर म्हणजे काय चीज आहे," साहेब म्हणाले.

साहेबांना मी कधी उलटून बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो.

"कॉम्प्युटरले दोन खैऱ्या माहीत नव्हत्या, साहेब. हिले होत्या."